तीन तारे आणि एक बादली

हॉटेल बुक करायच्या साईटवर फोटोंच्या खाली छोट्या छोट्या चित्रांची एक रांग असते. वायफाय, लिफ्ट, कपबशी, डंबेल्स, पोहण्याच्या तलावाच्या तीन लाटा. एकटा फिरायला जातो तेव्हा मी त्यातलं पहिलं चित्र बघतो आणि मग थेट भाडं. पण आई-बाबांना घेऊन जायचं ठरल्यावर ती रांग मी क्लायंटचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट वाचावं तशी वाचली, आणि लक्षात आलं की मला हवं असलेलं एकही चित्र तिथे नाहीये. बाबांचं इन्सुलिन ठेवायला भरवशाचा फ्रीज, आईच्या गुडघ्यांना झेपेल असं न्हाणीघर, आणि अंड्याच्या वाऱ्यालाही उभी न राहणाऱ्या बाईला पोटभर जेवण. याची चित्रं काढायचं अजून कुणाला सुचलेलं नाही.

मी सध्या श्टुटगार्टला असतो (ऑनसाईट. किती दिवस ते क्लायंट जाणे आणि परमेश्वर जाणे). 2025 च्या सप्टेंबरात आई-बाबा आले, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर पडले. त्यांना घेऊन कुठे जावं यावर हापिसात चर्चासत्र झालं. आमच्या टीममध्ये एक ग्रीक आहे. 1960 मध्ये पश्चिम जर्मनीनं ग्रीसशी कामगारांचा करार केला, त्यानंतर त्याचे आजोबा इकडच्या कारखान्यात आले. तो म्हणाला, अथेन्सला सगळे जातात, तू थेसालोनिकीला जा. समुद्रकाठी सपाट रस्ता आहे, आईला चढावं लागणार नाही. "चढावं लागणार नाही" एवढ्यावरच मी तिकिटं काढली. ऑक्टोबरातल्या चार रात्री, इग्नातिया रस्त्याच्या अलीकडे एक तीन तारांकित हॉटेल, दोन खोल्या.

या ताऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. ग्रीसमध्ये हॉटेलांना एक ते पाच तारे मिळतात, आणि भाड्यानं द्यायच्या खोल्या-अपार्टमेंट्सना ताऱ्यांऐवजी एक ते चार किल्ल्या. (किल्ल्यांची कल्पना मला फार आवडली. हातात काय पडणार ते तरी कळतं.) तारे वाढले की करही वाढतो. पूर्वी, म्हणजे 2018 पासून, तिथे साधा मुक्काम-कर होता. 2023 च्या सप्टेंबरात थेसाली भागात महापूर आला, आणि 2024 पासून त्या कराच्या जागी हवामान-संकटाच्या नावानं नवा कर आला. 2025 मध्ये एप्रिल ते ऑक्टोबरसाठी तो तीन तारांकित हॉटेलला दर खोलीला, दर रात्री 5 युरो झाला, पंचतारांकितला 15. माणशी नाही, खोलीमागे. बुकिंग करताना दाखवलेल्या भाड्यात तो धरलेला असेलच असं नाही, बऱ्याचदा काउंटरवर वेगळा मागतात. आमचे झाले 40 युरो. 

बाबा वीज मंडळातून अकाउंटंट म्हणून निवृत्त झालेत. कुठल्याही काउंटरवर कुणी जादा पैसे मागितले की त्यांचा चष्मा आपोआप नाकाच्या शेंड्यावर येतो. पण रिसेप्शनवरच्या बाईनं त्या चाळीसची वेगळी पावती दिली, पूर-वणव्यासाठी आहे म्हणून सांगितलं, आणि बाबांचा चष्मा जागेवर गेला. "पावती आहे ना, मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी ती घडी करून पासपोर्टात ठेवली.

खोलीत गेल्यावर मात्र खरा प्रश्न उभा राहिला. दाराजवळच्या खाचेत किल्लीचं कार्ड घातलं की खोलीत वीज येते, हे तुम्हाला माहीत असेलच. बाबांनी त्या खाचेचं मनापासून कौतुक केलं. माणूस बाहेर, वीज बंद, गळती शून्य. मग त्यांनी प्रयोग म्हणून कार्ड काढलं. दिवे गेले, एसी गेला, आणि टेबलाखालच्या छोट्या फ्रीजची घरघरही थांबली.

आता इन्सुलिनचं असं असतं की वापरात असलेलं पेन काही आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं, पण न उघडलेला साठा 2 ते 8 अंशांत ठेवायचा आणि गोठू तर मुळीच द्यायचा नाही. आम्ही दिवसभर बाहेर असणार, म्हणजे फ्रीज दिवसभर बंद. नेहमीचा तोडगा म्हणजे खाचेत दुसरं कुठलंतरी कार्ड घालून ठेवायचं. पुष्कळ ठिकाणी लायब्ररीचं जुनं कार्डही चालतं. बाबांनी साफ नकार दिला. "चार पेनांसाठी अख्खी खोली पेटती ठेवायची?" पस्तीस वर्षांची नोकरी बोलत होती, मी काय बोलणार! शिवाय मिनीबारचे फ्रीज बिअर गार करण्यापुरतेच असतात, त्यांच्या तापमानावर माझाही विश्वास नव्हता.

खाली रिसेप्शनवर गेलो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघरात फोन लावला. पलीकडून काहीतरी विचारणा होत होती आणि या म्हणत होत्या, "ने... ने, ने." बाबांचा चेहरा पडला. "नाही म्हणतायत रे." 

मंडळी, ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे ‘हो’. आणि ‘नाही’ म्हणजे ‘ओही’, जे ऐकताना आपल्याला ‘ओके’सारखं वाटतं. अशा भाषेत आपल्या माणसानं करायचं काय? एक दिलासा आहे. बोलायचा कंटाळा आला की ते भुवया नि हनुवटी किंचित वर करून जिभेनं ‘च्च’ करतात, त्याचा अर्थ ‘नाही’. हे मात्र आपल्याला कुणी शिकवायला नको, आमच्या अख्ख्या खानदानात नकार असाच देतात.

पाच मिनिटांत स्वयंपाकघरातून एक पोरगा डबा घेऊन आला. पेनं डब्यात, डबा मोठ्या फ्रीजच्या मधल्या फळीवर, मागच्या गार भिंतीपासून लांब. वर चिकटपट्टी, तिच्यावर खोलीचा नंबर आणि ग्रीक अक्षरांत आमचं आडनाव. त्यातल्या ‘श’चा ‘स’ झाला होता, कारण ग्रीकमध्ये ‘श’ हा उच्चारच नाही. न मागता बाईंनी आणखी दोन गोष्टी कागदावर लिहून दिल्या. एक, 112, कुठल्याही अडीनडीला लावायचा नंबर. दुसरी, रात्री-अपरात्री औषध लागलं तर हिरव्या क्रॉसच्या कुठल्याही दुकानाच्या दारावर बघायचं, त्या रात्री उघडं असलेल्या दुकानाचं नाव तिथे लावलेलं असतं. साईटवरच्या चित्रांच्या रांगेत यातलं काहीही नव्हतं.

आई या सगळ्यात गप्प होती. पहिल्या संध्याकाळी तिनं दही आणि पाव खाल्ला, "मला भूक नाहीये" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "तुम्ही दोघं जाऊन या, मी बसते खोलीत. इथूनही दिसतंच की सगळं." खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी दिसत होते. 

मी आणि बाबा मेट्रो बघून आलो. (30 नोव्हेंबर 2024 ला सुरू झाली, काम 2006 पासून चालू होतं. खणलं की खाली रोमन रस्ता लागायचा. वेनिझेलू स्टेशनात तर पुरातन रस्ते काढून, खाली स्टेशन बांधून, परत जागेवर मांडलेत. गाडीला ड्रायव्हर नाही. बाबा सगळ्यात पुढच्या काचेला नाक लावून उभे. पुण्याच्या मेट्रोबद्दल ते आता अवाक्षर काढत नाहीत.)

दुपारी परत येऊन बघतो तर आईचे केस ओले, अंगावर नवी साडी, चेहऱ्यावर तरतरी. पलंगाच्या कडेवर ती आणि त्यांच्या मजल्यावर साफसफाई करणारी बाई शेजारी शेजारी बसलेल्या, आणि बाईंच्या हातात आमच्या चकल्या.

झालं होतं असं. खोलीत टब होता, चांगला गुडघाभर उंच काठाचा. आईला त्यात पाय टाकता येईना. आदल्या संध्याकाळी आणि त्या सकाळी तिनं बेसिनपाशी कसंबसं भागवलं होतं, आणि मला किंवा बाबांना त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. मुलानं एवढा खर्च केला, त्याला कशाला सांगा! पण त्या बाई खोली आवरायला आल्या तेव्हा आईनं त्यांना टब दाखवला, गुडघा दाखवला, आणि डोक्यावरून तांब्या ओतल्याची खूण केली. बाई गेल्या आणि एक बुटकं प्लास्टिकचं स्टूल, लेबलही न काढलेली नवी निळी बादली आणि स्वयंपाकघरातला मापाचा मग घेऊन आल्या. ग्रीसमधल्या पुष्कळ न्हाणीघरांत जमिनीलाही पाणी जायला जाळी असते. ती नीट वाहते का हे बाईंनी पाणी ओतून बघितलं, स्टूल जाळीपाशी ठेवलं, खाली टॉवेल अंथरला आणि दार लावून बाहेर थांबल्या. आईनं दीड दिवसानं कोथरूडसारखी आंघोळ केली.

बाई मूळच्या जॉर्जियाच्या, नवरा बांधकामावर, सासूचेही गुडघे गेलेत, असं आईनं मला सांगितलं. कुठल्या भाषेत कळलं ते मी विचारलं नाही.

बाकी तिथल्या न्हाणीघराची एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पंचाईत होते. कागद कमोडात टाकायचा नाही. भिंतीवर तशी पाटी असते आणि शेजारी पायानं उघडायचा डबा. तिथले सांडपाण्याचे पाईप अरुंद असतात, कागदानं तुंबतात. पाण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना यात काही जड नाही. जेट नसतो, पण हातात धरायचा शॉवर असतो, बाकी जुगाड तुम्हाला येतोच :)

आंघोळ झाल्यावर आईची भूकही परत आली. नाष्टा अर्ध्या मजल्यावर होता. लिफ्टमध्ये ‘तळमजला’ आणि ‘पहिला’ यांच्या मधे आणखी एक बटण, त्याला म्हणायचं इमिओरोफोस. बाबा रोज एकदा चुकून रिसेप्शनला जाऊन यायचे. हॉटेलवाल्यांच्या चेंबरनं 2010 मध्ये ‘ग्रीक ब्रेकफास्ट’ नावाचा उपक्रम सुरू केला, हॉटेलांनी पाकीटबंद क्रोसाँऐवजी आपापल्या भागातलं वाढावं म्हणून. आमच्या टेबलावर तिळाची कुलुरी होती (गोल कडं, थेसालोनिकीची खासियत), मध, घट्ट दही, ऑलिव्ह, पालकाची पाय. पण खरी गुरुकिल्ली तिसऱ्या दिवशी सापडली. आईला काय काय चालत नाही याची यादी मी वाढणाऱ्या बाईंना सांगत होतो, तेव्हा त्या मधेच म्हणाल्या, "निस्तीसिमो!"

म्हणजे उपासाचं. ऑर्थोडॉक्स लोक बुधवारी नि शुक्रवारी, आणि ईस्टरच्या आधी तर कित्येक आठवडे, मांस, अंडी, दूधदुभतं वर्ज्य करतात. त्यामुळे तिथल्या स्वयंपाकात या उपासाच्या पदार्थांचा एक अख्खा विभाग आहे. फक्त कोळंबी-कालवं त्यांच्या उपासाला चालतात, तेवढं बजावून सांगायचं. त्या दिवशी शुक्रवार होता. बाईंनी कर्मचाऱ्यांच्या जेवणातून आईसाठी टोमॅटोत भाजलेले टपोरे पांढरे घेवडे आणले, आणि फावा, म्हणजे पिवळ्या डाळीचा गोळा, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. आईनं एक घास घेतला आणि म्हणाली, "अरे, हे तर पिठलं!" शेवटी रव्याचा हलवा आला. तुपाऐवजी तेलात भाजलेला शिरा. प्रमाण 1-2-3-4: तेल, रवा, साखर, पाणी, त्याच क्रमानं. आईच्या मते साखर जास्त आहे आणि तेलाच्या जागी तूप हवं, पण तिनं ते लिहून घेतलंय.

त्याच दुपारी रिसेप्शनवाल्या बाईंशी जरा निवांत बोलणं झालं. निवांत, कारण ग्रीसमध्ये दुपारच्या झोपेला कायद्याचं संरक्षण आहे. ऑक्टोबरपासून साडेतीन ते साडेपाच गोंगाट करायचा नाही. (पुणेकरांना एक ते चारवरून नावं ठेवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) बाबांनी त्यांना हॉटेलच्या पाटीवरचा लांबलचक शब्द विचारला. क्सेनोदोहिओ. क्सेनोस म्हणजे परका, परदेशी. आणि क्सेनोस म्हणजेच पाहुणाही. परक्याला घ्यायची जागा, ते हॉटेल. 

बाबा म्हणाले, "मग ‘परका’ म्हटलं की ‘पाहुणा’ म्हटलं, हे कळतं कसं?"

बाई हसल्या. म्हणाल्या, नेहमी कळतंच असं नाही. त्यांची पणजी 1922 मध्ये स्मिर्नाहून, म्हणजे आताच्या तुर्कस्तानातल्या इझमिरहून, निर्वासित म्हणून या गावात आली. ग्रीकच होती, ग्रीकच बोलायची, तरी गल्लीतले लोक तिला कित्येक वर्षं ‘तुर्काची पोर’ म्हणत. एवढं सांगून त्या फोन घ्यायला वळल्या. बाबा बराच वेळ त्या पाटीकडे बघत बसले होते.

परतीचं विमान पहाटेचं, नाष्टा सातला सुरू होणार. त्यामुळे चार वाजता रात्रपाळीच्या माणसानं कागदी पिशवी हातात दिली: कुलुरी, केळी, आणि आईच्या नावानं वेगळी पुडी, शिऱ्याची. इन्सुलिन बर्फाच्या पाकिटासोबत, पण मधे फडकं गुंडाळून, पेनांना बर्फ थेट लागू नये म्हणून. बाबांनी ते उघडून तपासलं आणि मान डोलावली.

टॅक्सी समुद्राकडून निघाली. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ती बादली अगदी कोरी होती रे. आता काय करतील तिचं?"

"ठेवतील," बाबा म्हणाले. "चिकटपट्टीवर नंबर घालून ठेवतील."