शेंडा राखून

माघ सरत आला की आजा कोयत्याला धार लावायचा. भाताचा राब, म्हणजे रोपांची जागा, भाजायला ऐनाची टाहाळी तोडायचे ते दिवस. तो झाडावर, मी खाली. फांद्या धपाधप पडायच्या; टोकाची डहाळी मात्र तशीच. "ती का ठेवली?" विचारलं की वरूनच उत्तर यायचं, "पुढल्या साली तुझा बाप येनारे तोडायला. झाडाला शेंडा नको व्हय?"

भीमाशंकरच्या डोंगरात वनव्यवस्थापन हा शब्द तेव्हा कुणाच्या कानावर नव्हता. शेंडा सगळ्यांना ठाऊक होता.

देवराईचा कायदा याहून कडक. चपला बाहेर, आवाज हळू. एकदा मी तिथली वाळकी काटकी चुलीसाठी घरी आणली, तर आजीने भाकरी तव्यावर सोडून मला हाताला धरून मागे नेलं आणि ती जिथल्या तिथे ठेवायला लावली. वर शेकरू फांदीवरून फांदीवर झेपावत होतं. देवापेक्षा आजीचीच भीती जास्त होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

सगळंच गोड होतं असंही नाही. सह्याद्रीत कोळशाच्या भट्ट्याही धुमसल्या. ठेकेदाराच्या कुऱ्हाडीला शेंडा ठाऊक नव्हता आणि तिच्यापुढे आजाचं कुणी ऐकत नव्हतं. म्हणून 1980 चा वनसंवर्धन कायदा आला, ते बरंच झालं. 1985 साली आमच्या डोंगराचं अभयारण्य झालं. 1988 च्या राष्ट्रीय वनधोरणाने डोंगराळ मुलखात दोन तृतीयांश जमीन झाडांखाली असावी असं म्हटलं. जंगलाला कागदाचं कुंपण मिळालं. पण त्या कुंपणापाशी ठेकेदार आणि आजा एकाच रांगेत उभे राहिले. सरपणाची मोळी आणताना म्हाताऱ्या बायका चोरासारख्या आडवाटेने यायला लागल्या. ज्याला राखायचं ठाऊक, तोच चोर ठरला.

आता घरी गेलो की बांधावरचे ऐन बघतो. भाताला युरियाची गोणी येते, राब थोडकेच भाजतात. तरणी पोरं चाकणच्या कारखान्यांत. कागद येतच राहिले: पश्चिम घाटासाठी 2011 मध्ये गाडगीळ समितीचा अहवाल आला, 2013 मध्ये कस्तुरीरंगन समितीचा; नंतर मसुद्यांवर मसुदे. शेंडा ना बुडखा!

एक कागद मात्र उलट्या दिशेने आला. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वन राखण्याचा, वापरण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला तो 2009 मध्ये मिळाला.

गेल्या वर्षी आमच्याकडे ग्रामसभेची हिरड्यावर बैठक होती. चैत-वैशाखात बाळहिरडा झोडून, वाळवून विकायचा, ही इथली रोकड. काही जण घाईत फांद्याच तोडून आणतात, त्यावरून वाद पेटला. पोरं मोबाइलवर हद्दीचा नकाशा दाखवत होती. शेवटी ग्रामसेवकाने ठराव लिहिला आणि वाचला: हिरड्याचे संकलन शाश्वत पद्धतीने करावे.

मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी फांदी तोडायची न्हाई, शेंड्यावरचं शेकराला ठेवायचं, आसंच ना? मंग तसंच लिव्ह की."

त्याने 'शाश्वत' खोडलं नाही. पुढे कंसात म्हातारीचं वाक्य लिहिलं.