शिट्टी न झालेला दिवस

तुरीची डाळ, हळद, हिंग, थेंबभर तेल. रोजचंच वरण. 2022 सालच्या सप्टेंबरातल्या त्या सकाळी मी शिलाई मशीनवर एका ब्लाउजची बाही जोडत होते आणि कान स्वयंपाकघराकडे होते. दहा-बारा मिनिटं झाली तरी शिट्टी होईना. म्हणून उठले, ओट्याशी गेले, गॅस बारीक करायला हात पुढे केला. एवढंच स्पष्ट आठवतं. पुढचा आवाज आठवत नाही, आवाजानंतरची शांतता आठवते. झाकण छताला आपटून खाली पडलं होतं, भिंतीवर पिवळे ओघळ होते आणि माझ्या उजव्या हाताला कोपरापर्यंत नि मानेला उकळती डाळ चिकटली होती.

सासूबाई धावत आल्या. त्यांनी हात नळाखाली धरला, स्वतः थरथरत असूनही सोडला नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, त्या वाहत्या पाण्यानेच निम्मं वाचवलं. पण हात धरलेला असतानाच त्यांच्या तोंडून निघालं, "शिट्टीकडे लक्ष नव्हतं का गं?" त्यात डंख नव्हता. मीही मनात तेच म्हणत होते. मशीनवर बसायला नको होतं. आधीच उठायला हवं होतं. माझंच चुकलं.

पुढची अडीच वर्षं मी ज्या वाटेने चालले, तिची सुरुवात या दोन शब्दांपासून झाली. आधी मला ते शब्दच ओलांडावे लागले.

दवाखान्यात पहिला धक्का बसला तो पोलिसांना पाहून. भाजलेली विवाहित बाई आली की दवाखाना पोलिसांना कळवतो, हे मला ठाऊक नव्हतं. एका महिला पोलीस शिपायाने ह्यांना आणि सासूबाईंना बाहेर पाठवलं आणि मला हळू आवाजात विचारलं, "ताई, घाबरू नका. कुणी काही केलंय का?" मला रडू फुटलं. माझ्या घरच्यांवर असा संशय यावा याचं फार वाईट वाटलं. मी सगळं सांगितलं: कुकर, डाळ, न झालेली शिट्टी. तिने लिहून घेतलं, डाव्या हाताचा अंगठा घेतला. त्या क्षणी अपमान वाटलेला तो जबाब पुढे माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम कागद ठरला. दवाखान्याच्या केसपेपरवर फक्त "घरात भाजले" एवढंच होतं. कुकर फुटून भाजले हे त्याच दिवशी, त्याच तासात लिहिलेलं फक्त त्या जबाबात होतं.

बंद कुकरात दाब वाढला की पाणी 100 अंशांना उकळत नाही, 120 अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून जखम साध्या उकळत्या पाण्यापेक्षा खोल गेली, असं डॉक्टरांनी समजावलं. अकरा दिवस दवाखान्यात होते. नंतर पाच महिने सुई धरता आली नाही. माझं पोट शिवणकामावर चालतं. हुक लावणं, काजं करणं ही अंगठ्याची कामं, आणि अंगठाच वळेना.

घरी आले तेव्हा कुकर मोरीच्या कोपऱ्यात पडलेला होता. ह्यांनी तो भंगारवाल्यासाठी पोत्यात टाकला होता. शेजारच्या वहिनींनी अडवलं नसतं तर ही सगळी हकीकत तिथेच संपली असती. त्या म्हणाल्या, "आमचे काका ग्राहक पंचायतीत काम करतात. त्यांना विचारा, मग टाका."

ग्राहक पंचायत हे नाव मी ऐकून होते. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात सुरू केलेली ही चळवळ आमच्यासारख्या तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे, हे मात्र ठाऊक नव्हतं. काका निवृत्त शिक्षक. त्यांनी पोतं उघडलं, पण कुकरला हात लावला नाही. म्हणाले, "याला धुऊ नका. डाळ चिकटलीय तशीच राहू द्या. फोटो काढा, सगळ्या बाजूंनी. आणि कुणी कितीही गोड बोललं तरी हा हातचा सोडू नका."

तसं गोड बोलणं आठवड्याभरातच आलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली होती. तिथून ती कंपनीकडे गेली आणि कंपनीतून फोन आला. बोलणारी मुलगी फार आर्जवाने म्हणाली, "मॅडम, कुकर आमच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा. तपासून लगेच नवीन देऊ, शिवाय दवाखान्याला काही मदतही करू." मी जवळजवळ हो म्हणाले होते. काकांनी विचारलं, "तपासणार ते, लिहिणार ते आणि कुकरही राहणार त्यांच्याकडे. मग उद्या तुम्ही काय दाखवणार?" मी कुकर जुन्या चादरीत बांधून कपाटावर ठेवला आणि कंपनीला लेखी कळवलं, की तपासणी करायची तर ती दोन्ही बाजूंसमोर होईल.

ग्राहक आयोगाकडे द्यायची तक्रार लिहायला बसले तेव्हा मी पुरती गोंधळले. बिल शोधलं तर ते माझ्या नावावर नव्हतंच. कुकर माझ्या नणंदेने दिवाळीला भेट दिला होता. मग मी ग्राहक कशी? काकांनी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली व्याख्या वाचून दाखवली. पैसे मोजणारा तर ग्राहक आहेच, पण त्याच्या संमतीने ती वस्तू वापरणाराही ग्राहक आहे. वन्संनी पुण्याहून शपथपत्र पाठवलं, बिल जोडलं. त्यांनाही अपराधी वाटत होतं. "मीच आणला होता गं तो," असं फोनवर सारखं म्हणायच्या. दोष स्वतःकडे ओढून घेणारी मी घरात एकटीच नव्हते.

दुसरा गोंधळ पैशांचा. मला वाटलं, चार लाखांची भरपाई मागायची तर फीसुद्धा तशीच भरावी लागेल. पण तक्रार कोणत्या आयोगाकडे जाते आणि फी किती, हे मागितलेल्या भरपाईवर नाही, वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं. माझा कुकर 2,150 रुपयांचा. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी शून्य. घटना घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते, आणि ती आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. कंपनी परराज्यातली, दुकान पुण्यातलं, तरी मला कुठेही धावायचं नव्हतं. वकील लावायची सक्ती नाही. मी लावला नाही.

आता मुख्य प्रश्न उरला: सिद्ध काय करायचं? माझ्या डोक्यात होतं, की कारखान्यात कुणीतरी हयगय केली हे मला दाखवावं लागेल. घरात बसून मी ते कसं दाखवणार? या कायद्याचं सहावं प्रकरण उत्पादनाच्या दायित्वाचं आहे. ते मी डाव्या हाताने पानं उलटत तीन-चार वेळा वाचलं. तिथे प्रश्न वस्तूला विचारलेला आहे. घडणीत दोष होता का? रचनेत होता का? धोक्याची पुरेशी सूचना होती का? आणि त्याच दोषामुळे इजा झाली का? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे न पाहता कुकरकडे पाहत होतं.

कुकरवर आयएसआयचं चिन्ह होतं. 1 फेब्रुवारी 2021 पासून त्या चिन्हाशिवाय घरगुती प्रेशर कुकर विकायलाच मनाई आहे. चिन्हाजवळचा परवाना क्रमांक आम्ही बीआयएस केअर ॲपवर घालून पाहिला, तर तो खरा निघाला. मी निराश झाले. काका म्हणाले, "चिन्ह खरं असू शकतं आणि हा एक कुकर सदोषही असू शकतो. म्हणून तर तपासणी."

कंपनीची लेखी कैफियत आली एकेचाळिसाव्या दिवशी. कायद्याने तीस दिवस मिळतात आणि आयोग फार तर पंधरा दिवस वाढवून देतो. त्यात लिहिलं होतं, की तक्रारदाराने कुकर प्रमाणाबाहेर भरला, वाफेची नळी साफ ठेवली नाही आणि मूळ भाग बदलून बनावट वापरले.

शेवटचं वाक्य वाचून माझे हातपाय गार पडले. कारण ते निम्मं खरं होतं. कुकर फुटण्याच्या चार महिने आधी रिंग सैल झाली म्हणून मी बाजारातून साधी रिंग आणून बसवली होती. वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात बदल झाला असेल तर उत्पादकाची जबाबदारी सुटू शकते, हेही मी त्याच प्रकरणात वाचलेलं. रात्रभर झोप नाही. रिंगबद्दल गप्प बसावं का? कुणाला कळणार आहे? सकाळी काकांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "शपथपत्रात पहिलं हेच लिहा. रिंग कुठून आणली, कधी, कितीला. लपवलेली रिंग तुमच्या तोंडून नाही, त्यांच्या तोंडून बाहेर आली तर बाकीचं खरंही खोटं ठरेल."

मी लिहिलं. लिहिताना वाटत होतं, आपणच आपली केस बुडवतोय.

आयोगासमोर चादर सोडली गेली. वाळून काळी पडलेली डाळ अजून झाकणाला चिकटलेली होती. कुकर पेटीत घालून लाखेने मोहोरबंद झाला आणि प्रयोगशाळेकडे गेला. तपासणीची फी मी भरली. अहवाल पंचेचाळीस दिवसांत यावा असं कायदा म्हणतो. आमचा चार महिन्यांनी आला. तपासणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकालात काढावी असंही कायद्यात आहे. माझ्या वाट्याला अठरा तारखा आल्या. पहाटेची एसटी, डबा, बाकावरची वाट, पुकारा आणि बहुतेक वेळा "पुढील तारीख". थकून घरी येताना दर वेळी वाटायचं, नवीन कुकर आणि थोडे पैसे घेऊन मोकळी झाले असते. पण अंगठ्याकडे पाहिलं की पुन्हा पुढच्या तारखेची तयारी करायचे.

अहवाल इंग्रजीत होता. काकांनी एकेक ओळ मराठीत सांगितली. डाळीच्या सालांनी वाफेची नळी तुंबली होती. म्हणून शिट्टी झाली नाही. रिंग योग्य मापाची होती, तिचा घटनेशी संबंध नाही. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ज्या दाबाला उघडायला हवा, त्याच्या कितीतरी वर जाऊनही उघडला नाही.

सेफ्टी व्हॉल्व्ह कशासाठी असतो, याचा मी तोवर कधी विचारच केला नव्हता. शिट्टी नीट चालत असेल तर त्याची गरजच पडत नाही. तो असतोच मुळी नळी तुंबण्याच्या दिवसासाठी. डाळ फेसाळणार, साल अडकणार, बाई मशीनवर बसणार, मूल रडणार, दाराची बेल वाजणार. घर असंच असतं. घरासाठी वस्तू करणाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून तर तो तिथे दुसरी झडप बसवतो. माझं लक्ष नव्हतं हे खरंच. पण ती झडप माझं लक्ष नसेल त्या वेळेसाठीच होती, आणि ती घट्ट बसून राहिली.

उत्पन्नाचं नुकसान दाखवायला माझ्याकडे पगारपत्रक नव्हतं, मापांची वही होती. छाती, कंबर, बाहीचं माप, घेतल्याची तारीख, दिल्याची तारीख, शिलाई. सप्टेंबर 2022 नंतर पाच महिन्यांची पानं कोरी. ती कोरी पानंच मी आयोगापुढे ठेवली. चार गिऱ्हाईक बायकांनी शपथपत्रं दिली, की त्यांनी कपडे परत नेले.

मार्च 2025 मध्ये निकाल आला. दवाखान्याचे 38,460, बुडालेल्या कामाचे 45,000, शारीरिक-मानसिक त्रासाचे 75,000 आणि तक्रारखर्चाचे 10,000. चार लाख मागितले होते, मंजूर झाले 1,68,460. दुकानदाराने कुकरात काही बदल केलेला नव्हता, म्हणून त्याला वगळलं. कंपनीला राज्य आयोगात अपील करायला पंचेचाळीस दिवस होते. तिने अपील केलं नाही, पैसे जमा केले. अंगठा आजही पुरता वळत नाही. काजं मी आता दुसरीकडून करून घेते. त्याची भरपाई कुठल्या रकमेत बसते, मला सांगता येणार नाही.

निकालपत्र मराठीत होतं. संध्याकाळी सासूबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांना वाचता येतं, पण डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. मी शेजारी बसून वाचायला लागले. आकडे त्यांनी नुसते ऐकले, हात सुपात चालूच. मग ती ओळ आली: केवळ वाफेची नळी तुंबली म्हणून तक्रारदाराने वस्तूचा गैरवापर केला असे म्हणता येणार नाही, अशा प्रसंगी संरक्षण देणे हेच सुरक्षा झडपेचे काम होते.

त्यांचा हात थांबला. काही वेळ त्या सुपाकडेच पाहत राहिल्या.

"परत वाच गं तेवढं," त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं.