त्या चिन्हामागे जादू नाही!

ई-मेलच्या पत्त्यात असतं ते ‘@’ चिन्ह तुम्हांला ठाऊकच आहे. पायथन या संगणकाच्या भाषेत ते फंक्शनच्या डोक्यावर लिहितात आणि त्याला ‘डेकोरेटर’ म्हणतात. पायथन शिकताना मी नेमका तिथेच अडलो. ‘लिहून टाक, काम होतं’ असं सांगणारे पुष्कळ भेटले. पण का होतं? ते कळल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं मी ठरवलं.

गुरुकिल्ली सापडली ती कंसात! फंक्शन म्हणजे एखादं काम करण्याची कृती. तिचं नाव लिहून पुढे कंस दिला, की काम होतं. कंस दिला नाही, तर नुसती कृती हातात येते. लाडू वेगळा आणि लाडवाची कृती वेगळी, तसंच हे! आणि लाडवाची कृती आपण मावशीला देतो ना, तशी ही कृतीही दुसऱ्या फंक्शनकडे देता येते.

डेकोरेटर म्हणजे असं दुसरं फंक्शन. ते पहिलं फंक्शन घेतं, त्याभोवती आपलं काम गुंडाळतं आणि नवं फंक्शन परत देतं. तुमच्या शाळेतच बघा. बाई शिकवतात. शिपाईकाका तासाच्या आधी आणि नंतर घंटा देतात. बाईंच्या शिकवण्यात काडीचा बदल नाही, तरी तास वेळेत बसतो!

समजा, ‘बेरीज’ या फंक्शनवर ‘@घंटा’ लिहिलं. त्याचा अर्थ एवढाच:

बेरीज = घंटा(बेरीज)

नाव जुनंच; पण हाक मारली, की आता गुंडाळलेलं फंक्शन ओ देतं. पूर्वी ही ओळ खाली हाताने लिहावी लागे. २००४ साली तिच्यासाठी ‘@’ हे लघुरूप आलं. संपली जादू!

आता गंमत बघा. ०, १ पासून मागच्या दोन संख्यांची बेरीज करत जाते ती फिबोनाची मालिका. तिच्यासाठी स्वतःलाच हाक मारणारं साधं फंक्शन लिहिलं, तर शून्यापासून मोजून ३० व्या क्रमांकाची संख्या काढायला ते २६,९२,५३७ वेळा चालतं! कारण तीच ती उत्तरं ते पुन्हा पुन्हा काढत बसतं. पायथनमध्ये उत्तरं लक्षात ठेवणारा तयार डेकोरेटर आहे. तो डोक्यावर चढवा. आता फंक्शनने स्वतःला मारलेली हाकही आधी त्याच्याकडेच जाते, आणि अवघ्या ३१ वेळांत काम फत्ते!

गणितातली कितीतरी चिन्हंही अशीच लिहिण्याचे श्रम वाचवायला आलेली असतात, बरं का! अवघड चिन्ह दिसलं, की पाठ करण्याआधी ते उलगडून लांबलचक लिहून बघा. भीती कुठल्या कुठे पळेल!