बंद पाकीट, उघडा संच

तुमसरच्या बाजारात धान घेणारा जाणता व्यापारी बंद पोत्याचा भाव सांगत नाही. पोत्यात परखी खुपसली जाते, मूठभर दाणे तळहातावर येतात, ते चोळून, फुंकून, प्रसंगी दाताखाली दाबून पाहिले जातात आणि मगच भाव तोंडातून बाहेर पडतो. ओलावा किती, पोचट किती, भरडल्यावर तुकडा किती पडेल, हे ओळखण्याची सवय या घराण्यांच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याच घरातला दहा वर्षांचा नातू मात्र आत काय आहे हे मुळीच न दिसणारे चकचकीत पाकीट रोख पैसे मोजून घेतो, ते फाडतो आणि हवे ते चित्र निघाले नाही की दुसऱ्या पाकिटाचा हट्ट धरतो. गेली काही वर्षे भंडारा, तुमसर, साकोलीच्या व्यापारी घरांतही ही पाकिटे पोहोचली आहेत. मुले त्यांना ‘कार्ड’ एवढेच म्हणतात.

या खेळाच्या नावातच ‘ट्रेडिंग’ असल्याने व्यापारी घरांना तो आपलाच वाटावा, ही एक गंमतच. १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञाने ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ आणला. तोवर तिकडे बेसबॉलपटूंच्या चित्रांचे पत्ते मुले जमवीत आणि आपसांत बदलीत. खेळायचे पत्ते वेगळे असत. गारफिल्डने जमवणे, बदलणे आणि खेळणे ही तिन्ही कामे एकाच पत्त्यावर आणून ठेवली. १९९६ मध्ये जपानात पोकेमॉनचे पत्ते निघाले आणि मुलांच्या जगात हा प्रकार सर्वत्र रुळला. आपल्या ओळखीच्या बावन्न पत्त्यांशी त्याचा मोठा भेद एकच. तेथे एकच कॅट सर्वांत वाटला जातो. येथे प्रत्येक खेळाडू स्वतःचा कॅट घरून बांधून आणतो. त्यामुळे ज्याने अधिक पाकिटे फोडली त्याच्या हातात चांगले पत्ते असण्याचा संभव अधिक. पत्ते पिसण्याआधीच डाव निम्मा ठरून जातो.

तुमसरच्या अशाच एका धान व्यापाऱ्याच्या घरी गेल्या पावसाळ्यात हा विषय निघाला. नातवाला मित्रांबरोबर खेळायचे होते. मित्र तिघे : समोरच्या डॉक्टरांचा मुलगा, गल्लीतल्या शिक्षिकेची मुलगी आणि दुकानातल्या मुनीमजींचा मुलगा. कोणता संच घ्यावा, हे ठरवण्याचे काम घरातील वडीलधाऱ्या आजोबांकडे आले. आई-वडिलांनी ‘दादाजींना विचार’ असे सांगून अंग काढून घेतले होते. दादाजींना या खेळाची गंधवार्ता नव्हती. परंतु माल पारखल्याशिवाय घ्यायचा नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

पहिली हरकत आजीची निघाली. सामायिक आटोपून त्या बाहेर आल्या, तेव्हा नातू पत्त्यावरच्या प्राण्याने दुसऱ्याला कसे हरवायचे ते सांगत होता. “यात प्राणी मरतात का रे?” असे त्यांनी विचारले. “मरत नाहीत दादीजी, बेशुद्ध होतात,” असे उत्तर आले. नियमांत तसेच आहे. हरलेला पोकेमॉन बाजूच्या ढिगात जातो, त्याला कोणी मारत नाही. आजींचे समाधान अर्धेच झाले. दुसरी शंका त्यांनी अधिक नेमकी विचारली : हरणाऱ्याचा पत्ता जिंकणारा नेतो का? सप्तव्यसनांत द्यूत पहिले मोजले जाते आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई भरते तेव्हा दंडार आणि नाटकाच्या आडोशाला झंडीमुंडीचा पट मांडलेला अनेकांनी पाहिलेला असतो. म्हणून ही शंका क्षुल्लक नव्हती. मॅजिकच्या मूळ नियमांत अशी पैज खरोखरच होती. डाव सुरू होण्यापूर्वी दोघांनी आपापल्या कॅटमधला एक एक पत्ता पणाला लावायचा आणि जिंकणाऱ्याने दोन्ही न्यायचे. काही वर्षांतच तो नियम खेळातून गेला आणि गेला ते बरे झाले. पोकेमॉनमध्ये सुरुवातीला सहा पत्ते ‘बक्षीस’ म्हणून पालथे मांडतात. परंतु ते ज्याचे त्याच्याच कॅटमधले असतात. प्रतिस्पर्ध्याचा पोकेमॉन हरवला की त्यातला पत्ता स्वतःच उचलायचा आणि सहाही उचलले की डाव जिंकला. परक्याची वस्तू घरी येत नाही. हे ऐकून आजींनी माळ हातात घेतली.

खेळात जुगार नाही. तो असलाच तर पाकिटात आहे, असे दादाजींचे मत पडले आणि ते नातवाला पटवून देण्यासाठी त्यांनी उपदेश केला नाही. एका रिकाम्या डब्यात १ ते ५० आकड्यांच्या चिठ्ठ्या घातल्या. डोळे मिटून एक उचलायची, आकडा वहीत टिपायचा, चिठ्ठी परत टाकून डबा हलवायचा. सगळे पन्नास आकडे यायला किती उचली लागतील? नातू म्हणाला, साठ. फार तर सत्तर. पहिले पंचवीस आकडे भराभर आले. पुढे तेच ते आकडे पुन्हा निघू लागले. शंभराव्या उचलीला सात आकडे अजून यायचे होते आणि मुलाचा उत्साह मावळला होता. गणिताचा हिशेब असा : पन्नास प्रकारांतले पहिले पंचवीस मिळायला सरासरी ३४ उचली पुरतात, सर्व पन्नास मिळायला सुमारे २२५ लागतात आणि त्यातल्या सरासरी ५० एकट्या शेवटच्या आकड्यासाठी खर्ची पडतात. हा हिशेब सर्व पत्ते सारख्या संख्येने छापले आहेत असे धरून झाला. प्रत्यक्षात चमकदार पत्ते मुद्दाम कमी छापले जातात, म्हणजे पाकिटे घेणाऱ्याची स्थिती याहून कठीण. मित्रांशी अदलाबदल करण्याची गरज येथूनच निर्माण होते. ती अदलाबदल न्यायाची असेल तर खेळाचा गोड भाग तोच.

ती नेहमी न्यायाची असते का, हे त्याच आठवड्यात दिसले. मुनीमजींच्या मुलाला वाढदिवसाला एक पाकीट मिळाले होते आणि त्यातून एक दुर्मीळ, चमकणारा पत्ता निघाला होता. नातवाने आठ साधे पत्ते देऊन तो घेतला आणि संध्याकाळी दुकानाच्या गादीवर येऊन सांगितले, “दादाजी, मोठा फायदा झाला.”

“त्याला ठाऊक होतं का, पत्ता किमतीचा आहे म्हणून?”

“त्यानं विचारलंच नाही.”

हे उत्तर बाजारात नवे नाही. भाव न विचारणाऱ्या शेतकऱ्याला कमी भाव सांगणारे दुकान किती दिवस चालते, हे दादाजींनी पाहिलेले होते. त्यांनी सौदा मोडायला लावला नाही. मित्राला पत्त्याची खरी किंमत सांगून ये, एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मुलगा गेला, सांगून आला. पण परत आला तो गोंधळलेला. मित्राला किंमत आधीपासून ठाऊक होती. त्याच्याकडे सगळे मिळून बावीस पत्ते होते आणि खेळायला नियमाने पूर्ण साठ लागतात. एका सुंदर पत्त्यापेक्षा आठ साधे त्याच्या अधिक उपयोगाचे होते. “आणखी तीन देशील का?” असेही त्याने विचारले होते.

दादाजींना ही गोष्ट फसवणुकीपेक्षा अधिक बोचली. फसवलेल्याला सावध करता येते. अडलेल्याला सावध करून उपयोग नसतो. डोक्यावर देणे असलेला शेतकरी मळणी होताच, भाव उतरलेला असतानाही धान गाडीत भरून आणतो. त्याला पुढे भाव चढेल हे ठाऊक नसते असे नाही. चार मित्रांच्या खेळात एकाला रोज असे अडून विकावे लागणार असेल, तर तो खेळ फार दिवस मैत्रीचा राहत नाही. मुनीमजींच्या घरी आणखी पाकिटे पाठवून देणे हा सोपा उपाय होता. तो दादाजींनी नाकारला, कारण मग मुलगा खेळगडी न राहता उपकृत झाला असता.

म्हणून शोध सुरू झाला तो अशा संचाचा, जो एकदाच घेतला की पुरा होईल आणि ज्यात बसणाऱ्या प्रत्येकाला बांधलेला कॅट मिळेल. बावन्न पत्त्यांवरचे खेळ मुलांना येतच होते. त्यांना हवा होता तो हाच खेळ. दादाजींच्या मनात एकदा सावंतवाडीची गंजिफाही येऊन गेली. महाराष्ट्राचा तो जुना वारसा : हाताने रंगवलेले गोल पत्ते, दशावताराचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा, असे १२० पत्ते. तीन जणांचा डाव. दिवसा रामाच्या राजाने आरंभ आणि रात्री कृष्णाच्या. निम्म्या रंगांत लहान आकडा मोठ्यावर भारी पडतो आणि खेळून गेलेला प्रत्येक पत्ता लक्षात ठेवावा लागतो. बुद्धीला धार लावणारा असा दुसरा पत्त्यांचा खेळ क्वचितच असेल. परंतु नवशिक्या मुलांच्या चिवडा खाल्लेल्या हातांत हस्तकलेचा तो नमुना देणे योग्य झाले नसते.

मॅजिकचाही विचार झाला. त्याचे नियम खोल आहेत आणि पत्त्यांवरचा इंग्रजी मजकूर दहा वर्षांच्या मुलांना जड जातो. पोकेमॉनच्या पत्त्यांवरही इंग्रजीच. पण वाक्ये आटोपशीर आणि आकडे मोठे. शेवटी ‘पोकेमॉन बॅटल अकॅडमी’ हा पेटीतला संच पसंत पडला. त्यात प्रत्येकी साठ पत्त्यांचे तीन तयार कॅट असतात, पत्ते कोठे मांडायचे हे दाखवणारा पट असतो आणि पहिला डाव कोणत्या क्रमाने खेळायचा हे पायरीपायरीने सांगणाऱ्या पुस्तिका असतात. दादाजींना सर्वांत आवडली ती एक बारीकशी सोय : प्रत्येक पत्त्यावर तो कोणत्या कॅटचा आहे याची खूण आणि क्रमांक छापलेला असतो. खेळ संपल्यावर पत्ते मिसळले तरी एक ते साठ लावून हिशेब जुळवता येतो. रोजची रोकड रोज मोजणाऱ्या माणसाला याहून अधिक काय हवे!

संचाला एक उणीव आहे आणि ती घेण्यापूर्वीच कळलेली बरी. एका वेळी दोघेच खेळतात. चार मुले असतील तर दोघांनी थांबावे लागते. या घरात त्यावर तोड निघाली : तिसऱ्याने पुस्तिका हातात घेऊन पंच व्हायचे आणि चौथ्याने नाणेफेक व गुण पाहायचे, डाव संपला की जागा बदलायच्या. पंच होऊन पुस्तिका वाचणाऱ्यालाच नियम लवकर येतात, हे थोड्याच दिवसांत दिसून आले. पहिल्या महिन्यात सर्वांत अधिक डाव जिंकले ते मुनीमजींच्या मुलाने. कॅट सारखे असल्यामुळे त्याच्या जिंकण्याला कोणी नशीब म्हणू शकले नाही आणि पैसाही म्हणू शकले नाही.

खरेदी नागपूरहून झाली. त्याआधी घरात जे होते ते दादाजींनी एकदा तपासून पाहिले. मंडईतून आणलेला सोनेरी प्लास्टिकच्या पत्त्यांचा गठ्ठा त्यात होता. झगमगाट भरपूर, परंतु पत्त्यांच्या नावांत अक्षरांच्या चुका, आकडे वाटेल तसे मोठे आणि पाठी अस्सल पत्त्यांशी न जुळणाऱ्या. पाठ निराळी दिसली की हातातला पत्ता समोरच्याला ओळखू येतो आणि खेळच उरत नाही. पितळेला सोन्याचा मुलामा कसा देतात हे भंडाऱ्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. तो गठ्ठा धाकट्या बहिणीला घर-घर खेळायला देण्यात आला आणि तिने त्यांच्या ताटल्या केल्या.

पाकिटे सर्वस्वी बंद झालेली नाहीत. वाढदिवसाला एक, एवढी मुभा आहे. संचातले पत्ते बदलायचे नाहीत. पाकिटातले बदलायचे ते एका छोट्या पत्र्याच्या डबीत वेगळे राहतात. त्यासाठी जुनी लाल वही आहे. डाव्या बाजूला दिले, उजव्या बाजूला घेतले, खाली दोघांच्या सह्या आणि सौदा परत फिरवायला तीन दिवसांची मुदत. ही मुदत सुचवली शिक्षिकेच्या मुलीने. दादाजींनी ती एक शब्दही न बदलता मान्य केली. पर्युषण आले तेव्हा संचाची पेटी मुलांनी आपण होऊन कपाटात ठेवली. वही मात्र गल्ल्याजवळच राहिली, कारण दोन सौद्यांची मुदत अजून संपायची होती.