डेथ व्हॅलीतील चौविहार

कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. आम्हीही मोटारहोम घेऊन गेलो ते जुलैतच. गाडीत शेगडी होती, उकळून गार केलेले पाणी होते; चिंता होती ती सासूबाईंच्या चौविहाराची. ही दरी समुद्रसपाटीहून खाली, चहूकडे डोंगर. तापलेली हवा तिथेच घुटमळते, रात्रही निवत नाही. अशा रात्री पाण्याविना कसे राहावे? म्हणून ऊन कलताच टाउन पासचा घाट धरला. चढावर इंजिन तापू नये यासाठी वातानुकूलन बंद करावे लागले. खिडकीतून भट्टीचा झोत! सासूबाईंना घोट घोट पाणी देत ४,९५६ फुटांवर पोहोचलो. वारा बदलला होता. “सूर्य आहे ना अजून?” त्यांनी विचारले आणि पेला पुन्हा पुढे केला.