रविवार जवळच घालवावा

मात्सुए, जून

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

परदेशात इंग्रजी शिकवायला गेलेल्यांच्या पत्रांत बहुधा दोन खाती असतात. सोमवार ते शुक्रवार नोकरी, आणि शनिवार-रविवार देश पाहणं. शाळेबद्दल दोन ओळी आणि सहलीबद्दल चार पानं, असा त्या पत्रांचा हिशेब. मला ही वाटणीच पटत नाही. देश उमगतो तो शाळेच्या आठवड्यात, आणि रविवारी डोळ्यांना जे दिसतं त्याचा अर्थही तिथूनच लागतो. म्हणून शिक्षकाने सुट्टीच्या दिवशी लांब धावण्यापेक्षा आपले विद्यार्थी राहतात त्याच परिसरात फिरावं, असं माझं म्हणणं आहे.

त्यासाठी इथल्या शाळेचा दिवस बघा. १९८७ साली सुरू झालेल्या ‘जेट’ योजनेतून परदेशी तरुण जपानी शाळांत सहायक भाषाशिक्षक म्हणून येतात. वर्ग जपानी शिक्षकाचा असतो. परदेशी माणूस उच्चार, संभाषण, भाषेचे खेळ यांपुरता. शेवटच्या वर्षाच्या मुलांपुढे प्रवेशपरीक्षा उभी असल्यामुळे त्यालाही वेळ थोडाच मिळतो. पण शाळा केवळ तासांची नसते. दारात बूट उतरवून आत वापरायचे जोडे चढवायचे. दुपारी पांढरे एप्रन आणि टोप्या घातलेली मुलंच वाढपी होतात, आणि सगळे वर्गात बसून सारखंच जेवण जेवतात. ठरलेल्या वेळी हीच मुलं झाडू-फडकी घेऊन वर्ग, जिने आणि व्हरांडे साफ करतात. फुटबॉलच्या विश्वचषकात सामना संपल्यावर जपानी प्रेक्षक स्टेडियममधला कचरा उचलताना दिसले, की जगभर त्यांच्या ‘स्वभावा’चं कौतुक होतं. शाळेत रोज वावरणाऱ्याला कळतं, की हा स्वभाव वेळापत्रकात बसवलेला आहे आणि लहानपणापासून हातांना लावलेला आहे. स्वभाव म्हटलं की फक्त नमस्कार करून पुढे जाता येतं. सवय म्हटलं की ती आपल्या शाळांतही लावता येईल का, हा प्रश्न टाळता येत नाही. स्वच्छ रस्ता पर्यटकालाही दिसतो, पण तो कसा घडतो हे शाळेच्या आत कळतं.

हीच गोष्ट जवळच्या सहलीची. मात्सुएला लागून शिंजी सरोवर आहे. समुद्राचं थोडं खारं पाणी त्यात मिसळतं, म्हणून त्यात शिजिमी नावाच्या लहान काळ्या शिंपल्या वाढतात, साधारण आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांसारख्या. सकाळी होड्यांतून लांब दांड्यांचे दाताळे टाकून त्या काढतात, आणि मिसोच्या कढणातून त्या घरोघरी पोचतात. इथला सूर्यास्त प्रसिद्ध आहे. पर्यटक तेवढ्यासाठी येतो आणि निघून जातो. सरोवराच्या उत्तर काठाने इचिबाता रेल्वेची छोटी गाडी तासाभरात इझुमोच्या महामंदिरापर्यंत नेते, आणि तिच्यात सायकलही चढवता येते. शनिवारी अशाच गाड्यांतून मुलं क्रीडामंडळांच्या सामन्यांना जातात. त्यांच्या शेजारी बसून केलेला प्रवास वर्गातल्या कितीतरी धड्यांना आधार देतो. ‘शनिवारी काय केलंस?’ हा पाठ्यपुस्तकातला प्रश्न सोमवारी खरा होतो, कारण विचारणाऱ्याला ते मैदान, तो फाटा, ते स्टेशन ठाऊक असतं.

मात्सुए, ऑक्टोबर

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

तुमचा आक्षेप रास्त आहे. इतक्या लांब जाऊन क्योतो आणि नारा पाहिलं नाही तर पुढे हळहळ वाटेल, असं तुम्ही लिहिलंत. ती शहरं पाहायलाच हवीत, पण उन्हाळ्याच्या किंवा नववर्षाच्या सुट्टीत, सवडीने. मात्सुएला शिनकानसेन येत नाही. दोन दिवसांत क्योतो गाठून परतायचं म्हणजे बराचसा वेळ गाडीतच जातो, आणि उरलेल्यात गर्दीबरोबर ठरलेली स्थळं उरकावी लागतात. शिवाय शनिवार-रविवार पुरता आपला नसतोच. शाळेचा क्रीडादिन सुट्टीच्या दिवशी ठेवतात, म्हणजे आई-वडील आणि आजी-आजोबा येऊ शकतात. मुलांना बदली सुट्टी नंतर मिळते. त्या मैदानाच्या कडेला अख्खा गाव एकत्र बसलेला दिसतो. त्या दिवशी दुसरीकडे गेलेल्या शिक्षकाचं जे राहून जातं, ते क्योतोत भरून निघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: कंत्राटावर आलेला परका माणूस थोड्या काळात काय समजणार? याच गावात त्याचा एक दाखला आहे. लाफ्काडिओ हर्न १८९० च्या उन्हाळ्यात मात्सुएला इंग्रजी शिकवायला आला आणि १८९१ च्या नोव्हेंबरात कुमामोतोला गेला. १८९४ मध्ये आलेल्या त्याच्या जपानविषयक पुस्तकात इझुमोच्या मंदिराचं वर्णन आहे, तशीच एका इंग्रजी शिक्षकाची दैनंदिनीही आहे, आणि तिच्यात विद्यार्थ्यांच्या निबंधांना मानाची जागा आहे. हर्न भारावून जाई, जुन्या जपानवर भाळून नव्याकडे काणाडोळा करी, हा आरोप मला मान्य आहे. तरीही त्या पुस्तकात माणसं जिवंत होतात ती वर्गामुळे. देवळाचं वर्णन कुणी प्रवासीही करू शकला असता. मुलं परक्या भाषेत काय मांडू पाहत होती, हे त्यांच्या वह्या तपासणाऱ्यालाच कळणार.

उलट बाजूचा दाखलाही आहे. नात्सुमे सोसेकी १८९५ मध्ये मात्सुयामात इंग्रजी शिकवत होता. पुढे १९०६ मध्ये आलेल्या ‘बोच्चान’ या त्याच्या कादंबरीचा नायक तोक्योचा, गणिताचा शिक्षक. तो लहान गावात येतो, कुरकुरतो आणि अखेर निघून जातो. तो नूडल्सचे चार वाडगे खातो, तर दुसऱ्या दिवशी मुलांनी ते फळ्यावर लिहून ठेवलेलं असतं. म्हणजे नोकरीमुळे आपोआप जवळीक होते असं मुळीच नाही. गावाला तुच्छ लेखणाऱ्याला शाळाही काही देत नाही. हे मान्य करूनच मी म्हणते, की त्या फळ्यातच माझ्या म्हणण्याचा आधार आहे. लहान गावात शिक्षकाची सुट्टी खासगी राहत नाही. नायकाला ती पाळत वाटली. पण मुलांचं लक्ष आपल्याकडे असणं हे शिक्षकाचं भांडवलही असतं. मुलांनी इंग्रजी बोलावं असं वाटत असेल, तर त्यांना सांगावंसं वाटेल असा ऐकणारा हवा, आणि त्यांच्या गावात रमणारा माणूस तसा ऐकणारा होऊ शकतो.

म्हणून तुमच्या येण्याची आखणी करताना एक विनंती आहे. क्योतोला दोन दिवस पुरे. मात्सुएला चार द्या. इझुमोला इचिबाताच्या छोट्या गाडीने जाऊ. तिथे इतर देवळांसारख्या दोन नव्हे, चार टाळ्या वाजवून नमस्कार करतात. आणि जमलं तर शाळेच्या क्रीडादिनाच्या सुमारास या. बाकीची स्थळं वर्षभर तिथेच असतात.

आईला नमस्कार.

तुमची,
मंजू