श्रीरामपूरचा डावखुरा

परतूरमध्ये वाढताना आमचा एक पक्का समज होता. टीव्हीवर दिसणारी माणसं मुंबईची, नाहीतर दिल्लीची. जालन्याच्या पुढे आणि परभणीच्या अलीकडे राहणाऱ्यांनी फक्त बघायचं.

हा समज झहीर खानने मोडला. ऑक्टोबर २०००, नैरोबी. संघातला नवा पोरगा, समोर स्टीव्ह वॉ. यॉर्कर पडला आणि दांडी गुल! गल्लीत एकच कल्ला. पण खरी बातमी नंतर कळली. पोरगा नगरकडचा, श्रीरामपूरचा. म्हणजे तालुक्याचं गाव. म्हणजे आपल्यासारखाच की यार!

झालं. मोंढ्यामागच्या मैदानात सगळे रातोरात डावखुरे. चेंडू कुठेही पडो, टाकण्याआधीची ती उडी मात्र सेम टु सेम हवी. लाइट गेली की ट्रान्झिस्टरभोवती घोळका.

मग २३ मार्च २००३. जोहान्सबर्ग, वर्ल्ड कपची फायनल. झहीरची पहिलीच ओव्हर, त्यात वाइड, नो-बॉल आणि १५ रन्स. टीव्हीपुढची दहा-बारा पोरं चिडीचूप. दुसऱ्या दिवशी पारावर शेरा आलाच, "लहान गावचं पोरगं, घाबरलं." बोलणं त्याच्याबद्दल होतं, झोंबलं आम्हाला.

पुढे तो संघाबाहेरही गेला. २००६ मध्ये इंग्लंडला वूस्टरशरकडून काउंटी खेळला आणि त्या सीझनला ७८ विकेट्स काढल्या. परतला तो वेगळाच बोलर होऊन. २००७ ची ट्रेंट ब्रिज टेस्ट आठवतेय? नऊ विकेट्स!

आणि २ एप्रिल २०११, वानखेडे. पुन्हा फायनल, पुन्हा नवा चेंडू त्याच्याच हातात. पहिल्या तीनही ओव्हर्स मेडन. पाच ओव्हर्सचा स्पेल, सहा रन्स, एक विकेट. नंतर मार पडला, खोटं कशाला बोला? दहा ओव्हर्समध्ये ६० गेले. पण तोवर माझा पारावरचा हिशोब चुकता झाला होता.

त्याच्या ३११ टेस्ट विकेट्सचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र ते काउंटीचे महिने जास्त भावतात. थंडी, रिकामी स्टँड्स आणि रोजची बोलिंग. प्रेझेंटेशन फसलं, अप्रेझल बोंबललं की मला तेच आठवतात. गंमत म्हणजे त्यातला एकही चेंडू आम्हाला परतूरच्या टीव्हीवर दिसला नव्हता.